मेंढरांच्या मागं जायला हवं होतं

स्कॉटलंडला शिकायला जाऊन दोन महिने झाले होते. एका रविवारी मी एकटीच बेट बघायला निघाले. बेट म्हणजे काय, तर पाच-सहा दगडी घरं, चिखल, गवत आणि मेंढरं. ओहोटी असली की समुद्राच्या तळातून चालत तिथं जाता येतं. वर्गातल्या मुली म्हणाल्या, कुणाला तरी सोबत ने. मला असं कुणी म्हटलं की मी हटकून एकटी जाते. आमच्या घरात हा स्वभाव फक्त माझा आणि वडलांच्या एका मेंढ्याचा.

वाटेच्या तोंडाशी पाटी होती : दुपारी एकच्या आत परता. मी ती वाचली आणि सोडून दिली. आमच्या कुंभार पिंपळगावकडं 'पूल धोकादायक आहे' अशी पाटी असते आणि तिला वळसा घालून उसाचे ट्रॅक्टर जात असतात. पाटी म्हणजे सरकारनं झटकलेले हात, एवढंच मला ठाऊक.

बेटावर पोचले आणि काठाच्या गवतात मेंढरं चरताना दिसली. मला भडभडून आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ओळखीचं कुणी भेटलं होतं. त्यांच्याजवळ बसून डब्यातली चपाती आणि ठेचा खाल्ला. साडेबाराच्या सुमाराला एका म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली आणि ती चढणीला लागली. मागोमाग सगळा कळप. हाकायला कुणी नव्हतं.

"मेंढरं उन्हाची उठली," मी स्वतःशीच म्हणाले. आमच्याकडं याच वेळेला वडील मेंढरं बाभळीखाली नेतात आणि ती एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभी राहतात. परदेशातलं मेंढरूसुद्धा मला कळतं, याचा केवढा आनंद झाला! आभाळ काळं होतं, माझ्या अंगात दोन स्वेटर होते आणि ऊन औषधालाही नव्हतं. मग ती उन्हाची कशी उठतील, हे या शहाणीच्या डोक्यात आलं नाही. आणखी तासभर मी तिथंच बसले.

परत निघाले तेव्हा दोन वाजत आले होते. पाणी समुद्राकडून येईल म्हणून माझी नजर तिकडंच. आमच्या ओढ्याला पूर येतो तो वरून, वर बघत चाललं की झालं. निम्म्या वाटेत आले आणि समोर बघितलं, तर माझ्या आणि किनाऱ्याच्या मधे पाणी. मागं बघितलं, तर बेटाकडंही पाणी. आवाज न करता ते सगळीकडून आलं होतं. मेंढरं उठली होती ती या पाण्याची. बघता बघता बूट बुडाले, मग गुडघे. मला पोहता येत नाही. आमच्याकडं पोहायला शिकायचं तर आधी विहिरीत पाणी लागतं. "मेले, मेले," असं मी मोठ्यानं ओरडले, आणि ते समजणारं माणूस मैलोन्‌मैल नव्हतं.

वाटेवर उंच खांबांवर एक लाकडी खोली होती. शिडी धरून वर चढले. तिथं संकटात फोन करायचा नंबर लिहिला होता. तो लावला, तर पलीकडची बाई म्हणाली, हलू नका, ती खोली तुमच्यासारख्यांसाठीच आहे, ती बुडत नाही, संध्याकाळी पाणी उतरेल. पण फळ्यांच्या फटींतून खाली पाणी चढताना दिसत होतं आणि माझे दात वाजत होते. माझा त्या बाईवर विश्वास बसेना.

तेवढ्यात वडलांचा फोन आला. त्यांचा रोजचा, मेंढरं कोंडून झाल्यावरचा.

"अण्णा, मी पाण्यात अडकले."

"कोणत्या पाण्यात? नदीच्या?"

"समुद्राच्या."

 लख्ख ऊन असताना अण्णांनी एकदा ओढ्यातून मेंढरांचा सगळा तळ हलवला होता. लोक हसले होते, आणि संध्याकाळी ओढा दुथडी भरून आला होता. ते उठा म्हणाले की आम्ही उठायचो, बसा म्हणाले की बसायचो. कशाला, असं मीसुद्धा विचारत नसे. समुद्र मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "मला त्या पाण्यातलं बिलकुल कळत न्हाई. मंग आता काय करायचं असतंय?"

अण्णांनी मला कधी काही विचारलेलं मला आठवत नव्हतं. तेव्हा मी खरी भ्याले, पाण्याला भ्याले त्याहून जास्त.

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी उतरेपर्यंत बसून राहायचं."

"मंग बस. मी बी हितंच बसून राह्यलो."

त्यांनी फोन ठेवला नाही. थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, "उतरलं का?" आणि शिडीची आणखी एक पायरी बुडालेली बघत मी म्हणायची, "उतरतंय, अण्णा."