डाव्या मडगार्डाची कड

देऊळघाटचा तुळशीराम मिस्त्री ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. पंचवीस वर्षं त्यानं गावाच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या, विहिरीवरच्या पत्र्याच्या मोटा सांधल्या, पण दुसऱ्यानं सांगितलेलं माप म्हणून कधी घेतलं नाही. गिऱ्हाइकानं चाकाचा घेर सांगायला तोंड उघडलं, की हा कमरेची सुतळी सोडून निघालाच. एकदा सरळ मोजायचं, एकदा उलटं. त्याची बायको रुखमाबाई विहिरीवर सांगायची, "आमचे हे आरशात पाहतेत, तं तोंड आपलंच हाय का म्हनून हात लावून पाहतेत." गाव हसायचं खरं, पण मापावरून कुठं भांडण जुंपलं की निवाड्याला बोलावणं यायचं ते तुळशीरामलाच.

अशा माणसाच्या हाती अर्जुनराव पाटलांची मोटार आली. वडिलांनी हौसेनं घेतलेली, उघड्या टपाची. लढाईत पेट्रोल कुपनावर गेलं तेव्हा पाटलांनी वर्षभर तिला बैलजोडी जुंपली आणि तशीच बुलढाण्याच्या कचेरीपर्यंत नेली. मग बैलही कंटाळले आणि पाटीलही, आणि मोटार कडब्याखाली गेली. आता लढाई संपली होती, चैतात लेकीचं लग्न होतं, आणि लेकीची पाठवणी आजोबांच्या मोटारीतूनच करायची असा पाटलांचा हट्ट होता. पंधरा वर्षं त्यांच्या पदरी असलेला ड्रायव्हर किसनराव यानं इंजिन सुरू केलं. पुढची दोन्ही मडगार्डं मात्र गंजून चाळणी झाली होती. तीच नमुना म्हणून घेऊन तो अकोल्याला गेला आणि महिन्याभरानं नवी जोडी बनवून आणली.

जोडी कसली, शिक्षाच ती! पत्रा पापडासारखा पातळ, जागोजागी पोचे, वरून काळा रंग फासलेला. एक भोक बोल्टासमोर येईल तर शपथ. उजवं मडगार्ड तुळशीरामनं तीन दिवस कानस मारून, ठोकून, शिव्या घालून कसंबसं बसवलं. डावं मात्र हटून बसलं. मागं पायरीला भिडवावं तर पुढं चाक उघडं पडे. पुढं ओढावं तर पायरीपाशी फट. सुतळी लावली. तीन बोटं कमी. उलटी लावली, तरी तीनच.

तुळशीरामच्या डोक्यात किडा वळवळला. एक मडगार्ड नीट मापाचं आणि दुसरंच आखूड, हे आपोआप होत नसतं.

"किसनराव, हे डावं कोन्या गाडीचं आनलं?"

"जसा नमुना नेला तसंच बनवून आनलं, मिस्त्री. कारागीर म्हने, नमुन्यात आन् यात एका सुताचा फरक काढून दाखवा."

"मंग नमुने कुठी हायेत?"

"त्यानंच ठेवून घेतले. त्या गंजल्या पत्र्याचं आपल्याले काय काम?"

झालं! नमुनेच नाहीत म्हटल्यावर तुळशीरामला सगळा उलगडा झाला. त्या दिवसापासून त्याला किसनरावाचं हसणं खोटं वाटू लागलं, गप्प बसणं त्याहून खोटं. त्याचं नवं धोतरसुद्धा त्याच्या डोळ्यांत सलू लागलं. चौथ्या दिवशी तो पाटलांच्या ओसरीवर चढला.

"पाटील, हे मडगार्ड तुमच्या मोटारीचं नाही. कोनाचं तरी टाकाऊ यानं तुमच्या गळ्यात मारलं. चांगलं कुठी गेलं, थे याले इचारा."

पाटलांनी आपल्या जुन्या ड्रायव्हरकडं पाहिलं, मग तुळशीरामच्या हातातल्या सुतळीकडं. सुतळीवर तर अख्ख्या गावाचा भरवसा होता.

"किसनराव, चावी ठेवा."

किसनरावानं चावी ओसरीवर ठेवली. "नमुनाच तसा होता, पाटील," एवढंच तो म्हणाला. तुळशीरामनं तोंड फिरवलं.

तीन बोटांची पट्टी जोडून काम उरकावं म्हणून दुसऱ्या सकाळी तो मडगार्ड घेऊन बसला. पुढच्या कडेचा रंग खरवडला आणि त्याचा हात थांबला. उजव्याची कड आत तार भरून गोल वळवलेली होती. ही मात्र दोनदा दुमडून चपटी ठोकलेली, आणि दर दोन बोटांवर हातोडीचा एक तिरपा ठोका. अशी कड पत्र्याच्या मोटेला घालतात. आणि असा तिरपा ठोका पंचक्रोशीत एकच माणूस मारायचा.

तो स्वतः तुळशीराम. लढाईतली ती सकाळ त्याच्यापुढं उभी राहिली. मोटारीला जुंपलेला डावीकडचा ढवळ्या उंच पायाचा. चालताना त्याची मागची ढोपरं मडगार्डाला घासून रक्त यायचं. पाटलांनी हाक मारली, किसनरावानं ढवळ्याला धरलं, तुळशीरामनं छन्नी घेतली, तीन बोटं पत्रा उडवला आणि बैलाला लागू नये म्हणून कड दुमडली. अर्ध्या तासाचं काम. मोटारीचं काम म्हणून ते त्याच्या डोक्यात कधी राहिलंच नाही. ते बैलाचं काम होतं. अकोल्याचा कारागीर हाताचा कच्चा, पण नकलेचा पक्का! त्यानं बिचाऱ्यानं ठोक्यांसकट सगळं उतरवलं होतं.

पट्टी जोडून, रंग लावून गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? तो विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्यालाच शिसारी आली. मडगार्ड डोक्यावर घेऊन तो भर गावातून निघाला. वाटेत जो विचारी त्याला सांगे, "माही चूक घेऊन चाललो."

पाटलांनी कडेवरून बोट फिरवलं. ढवळ्या त्यांनाही आठवला. मग चावी तुळशीरामच्या हातात दिली. "तुह्याच सांगन्यावरून काढून घेतली. तूच नेऊन दे."

किसनराव बायकोबरोबर, विमलबाईबरोबर, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होता. तुळशीरामनं मडगार्ड बांधावर ठेवलं.

"किसनराव, कड माही हाय. तुले चोर ठरवलं मी, आन् कापनारा मीच. लय वंगाळ केलं मी. पन तू काऊन नाही बोलला तवा, का मिस्त्री, हे तुम्हीच कापलं होतं?"

"बोललो असतो, तं तुम्ही मानलं असतं काय?"

तुळशीरामनं चावी पुढं केली आणि जन्माच्या सवयीनं म्हणाला, "पाहून घे, तीच हाय ना."

किसनरावानं चावी न पाहताच बंडीच्या खिशात टाकली. "तुम्ही देल्ली ना मिस्त्री? मंग पाहाचं काय त्यात?"