निवेदिकेचा कैवारी

ज्यांना सारी गल्ली ‘पंच’ म्हणत असे, ते केशकर्तनालयाचे थोरले मालक वयाच्या बासष्टाव्या वर्षी फुप्फुसाच्या विकाराने वारले. पाळण्यातले नाव दुकानाच्या पाटीवर होते. पाटीकडे मात्र कोणी पाहत नसे.

वडिलांनी त्यांना धंदा शिकवला तो चामड्याच्या पट्ट्याने फोडून काढून. सोळाव्या वर्षी मुलाने तोच पट्टा हिसकावून वडिलांच्या पाठीवर ओढला, आणि त्या घरातली मारहाण एका हातातून दुसऱ्या हातात गेली. पुढे पंचांनी एका दलालाचे दोन दात पाडले, एका भाडेकरूला जिन्यावरून ढकलून दिले. परंतु वस्तरा हातात असताना त्यांनी कोणाच्या अंगाला धक्का लावला नाही. राग आला की ते आधी वस्तरा मिटून खिशात ठेवत आणि मगच हात उचलत. वस्तरा मिटल्याचा आवाज आला की जुनी गिऱ्हाइके अर्धी दाढी घेऊन रस्ता गाठत.

दुकानात दोन खुर्च्या होत्या. एक पंचांची, दुसरी धाकट्या भावाची. दोन्ही आरशांच्या मध्ये दूरदर्शन संच असे, आणि कोणाच्याही गळ्यावर वस्तरा असताना त्याचा आवाज बंद ठेवायचा, हा दुकानाचा नियम होता. वस्तरा गळ्यावरून उचलला की आवाज सुरू. खेळ डोळ्यांनी दिसतो, ऐकायचे असते ते निवेदकांचे, असे पंच म्हणत. त्यामुळे तिथला वाद खेळाडूंवरून कमी आणि निवेदकांवरून अधिक होई.

एका वाहिनीवर दोघे जोडीने बसत. निवेदिका मोजके बोले. माजी खेळाडूला प्रश्न विचारला की उत्तर पुरे होऊ देई. तिचा सहकारी कोट रोज बदली, स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसे. पंच तिचे कैवारी, धाकटा त्याचा.

“बाई हुशार आहे, पण चेहरा बघा, जशी निकाल वाचायला बसलीये,” धाकटा म्हणे.

“आणि तुझा तो? लग्नातला बँडवाला. आकडा विचारला की कोटाचं बटण चाचपतो.”

“दादा, माणसं करमणुकीला बघतात.”

“मग सर्कशीला जा.”

प्रकरण घडले ते अंतिम सामन्याच्या दुपारी. पंचांच्या खुर्चीत गल्लीतला टायरवाला होता; मान मागे टाकलेली, हनुवटीखाली वस्तरा. बाकावर आम्ही तिघे नेहमीची गिऱ्हाइके होतो. संच मुका होता. तेवढ्यात चेंडू फलंदाजाच्या कानशिलावर आदळला आणि तो खेळपट्टीवर कोसळला. डॉक्टर धावले. पडद्यावर पुन्हा ती जोडी आली. निवेदिकेने मान खाली घातली होती. सहकारी मात्र खुर्चीतून उठून पडण्याची नक्कल करू लागला. धाकट्याला राहवले नाही. त्याने रिमोट उचलून आवाज मोठा केला.

“पडला कसा, पोतं पडावं तसा!” सहकाऱ्याचे हे शब्द दुकानभर घुमले, आणि टायरवाला खदखदून हसला. वस्तरा जबड्याखाली रुतला. पांढरे कापड पाहता पाहता लाल झाले.

पंचांनी वस्तरा मिटला, खिशात ठेवला, आणि ते धाकट्याकडे वळले. पहिल्याच ठोशाने धाकट्याचा जबडा मोडला. तो आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला. धाकटा खाली पडल्यावरही पंच त्याला लाथा घालत होते. स्वतःचा गळा हाताने दाबून धरलेला टायरवाला “मारलं मला, मारलं” म्हणत दाराकडे सरकत होता. पंचांना आवरायला तिघे लागले. त्यात माझ्या मनगटालाही इजा झाली.

टायरवाल्याने पोलिसांत सांगितले की पंचांनी जाणूनबुजून गळा चिरला. आपण निवेदिकेच्या सहकाऱ्याच्या विनोदाला हसलो, म्हणून. पंचांचा लौकिक पाहता त्यावर विश्वास बसणे सोपे होते. आमच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, कारण आमचे डोळे पडद्याकडे होते. खुर्चीकडे तोंड करून उभा होता तो एकटा धाकटा, आणि त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता. त्याने नुसते गप्प राहायचे ठरवले असते, तरी थोरल्याचा तुरुंग निश्चित होता.

फौजदार रुग्णालयात धाकट्याच्या खाटेपाशी बसले. “हात घसरला की मुद्दाम चालवला?”

पायथ्याशी धाकट्याची बायको उभी होती. “भावजी कधी एक चांगला शब्द बोललेत का तुमच्याशी?” ती म्हणाली. “राहू द्या ना गप्प.”

धाकट्याने हाताने हवेत रिमोट दाबल्याची खूण केली आणि तो हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मग तळहात घसरवून दाखवला.

गळ्याचा गुन्हा टिकला नाही. जबड्याची तक्रार धाकट्याने केलीच नाही. टायरवाल्याच्या उपचारांचा भार दोघा भावांनी निम्मा-निम्मा उचलला. तो पुन्हा त्या दुकानात आला नाही. पंचांनी वस्तरा कायमचा धाकट्याकडे दिला आणि मरेपर्यंत केवळ कात्रीचे काम केले. दोघे त्याच दोन खुर्च्यांपाशी पाठीला पाठ लावून उभे राहत. संच मुकाच असे. निवेदिकेविषयी कोणी मत विचारले, तर पंच “बघा तुम्हीच” म्हणत.

धाकट्याचा जबडा वाकडा जुळला. भाकरी त्याला आजही भिजवून खावी लागते. पंचांनी त्याची क्षमा मागितली नाही. अखेरच्या आजारात धाकटाच त्यांची दाढी करी, तेव्हाही नाही. मी एकदा विचारले, तेव्हा धाकटा म्हणाला, “गळा माझ्या हातात देऊन डोळे मिटायचा दादा. बोलला असता तर बरं झालं असतं.”