दोन हंडे

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका दवाखान्यात माझं काम ठरलेलं होतं. ऑपरेशनच्या आधी पेशंटचं हृदय तपासायचं आणि कागदावर ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ लिहायचं. सर्जनला फिट हवं असे, नातेवाइकांना हवं असे, पेशंटलाही. अनफिट लिहिणारा मी तेवढा वाईट. दुपारपर्यंत या दोन शब्दांचा वीट येई.

आमचा नेहमीचा प्रश्न होता, दोन जिने चढताना दम लागतो का? एकदा खेड्यातून आलेल्या एका बाईला तो विचारला. तिच्या गावात जिन्याचं घरच नव्हतं. मग मी विहिरीवरून पाणी आणताना दम लागतो का, ते विचारलं. उत्तर नवऱ्यानेच दिलं, डोक्यावर दोन हंडे घेऊन येते, काही त्रास नाही. मी वैतागलो आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं.

तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. धड बसता येईना, चालता येईना. चार वर्षं लाजेखातर तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आता कुठे ऑपरेशनची तारीख मिळाली होती. छातीला नळी लावली, तर हृदयाची एक झडप आखडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. मी पुन्हा पाण्याचं विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षांपासून पाणी सूनच भरते. रिकाम्या हाताने विहिरीपर्यंत जायचं म्हटलं तरी वाटेत दोनदा बसावं लागतं.

तिला भूल सोसली नसती. आधी झडपेचं बघावं लागेल, त्यासाठी मुंबईला जावं लागेल, असं मी समजावलं. मुंबईचं नाव घेताना माझी मलाच लाज वाटली. तरी अनफिट लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला.

ती रडली नाही. पदर सारखा करत म्हणाली, “तुम्हाले खरं सांगतलं, हे माह्यंच चुकलं. आता दुसऱ्या दवाखान्यात इचारतीन तं मी बी दोन हंडेच सांगीन.”

ती गेल्यावर पाहिलं, तर कागद माझ्या टेबलावरच होता. विसरली नव्हती, घडी घालून पेपरवेटखाली नीट ठेवला होता. उठून फाटकापर्यंत धावायला हवं होतं. पण बाहेर बाकावर अकरा जण बसले होते आणि मी फार थकलो होतो. पुढच्याला आत बोलावलं आणि दम लागतो का, ते विचारलं. तो लगेच म्हणाला, नाही.