आत्याची चिकटवलेली अंडी

आत्या मंगळवारी सकाळी गेली. डॉक्टर कामशेतहून यायचे होते, तोवर तिच्या छातीला मी कान लावला. शेजारची पारूमावशी उशाशी उभी होती. तिने विचारलं, "हाय का रं?" मी म्हणालो, "नाही." डॉक्टर पाऊण तासाने आले आणि त्यांनीही तेच सांगितलं. किती वेळ झाला असेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नेमकं सांगता येत नाही." याला आता तीन आठवडे झाले. त्या पाऊण तासाबद्दल लिहायला बसलो आहे, पण तिथे पोचायला आधी अंड्यांचं सांगावं लागेल.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं दोन खोल्यांचं घर, मागे भाताची चार खाचरं आणि दहा-बारा गावठी कोंबड्या. मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी लोणावळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. फाटलेली पानं पातळ कागद आणि खळ लावून सांधणं हे त्यातलं माझं आवडतं काम. एकदा सुट्टीत तिच्याकडे बसून एक जुनं पुस्तक सांधत होतो, तर ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो कागद मला दे थोडा. माझ्या अंड्यांला लागंल."

कोंबडी खुडूक झाली की आत्या टोपलीत भाताचं काड घालून तिच्याखाली अंडी ठेवायची. उठता-बसता कोंबडीच्या पायाने एखाद्या अंड्याला चीर जायची. पांढरं बाहेर आलं असेल तर ती ते अंडं लगेच काढून टाकायची, नाहीतर मुंग्या लागतात, बाकीची चिकटतात. पण केसासारखी चीर असली आणि आतला पापुद्रा शाबूत असला तर ती इंद्रायणीच्या भाताची खळ बोटावर घेऊन चिरेपुरताच कागद बसवायची. माझ्याकडून एकदा पट्टी रुंद कापली गेली, तर तिने ती परत केली. "सगळं झाकलंस तर जीव गुदमरंल त्याचा. त्यो आतनं श्वास घेतोय, तुज्या पुस्तकागत न्हाई." दिवस भरत आले की ती एकेक अंडं कानाला लावायची आणि 'हाय' किंवा 'न्हाई' एवढंच म्हणायची.

पुढे तिला कमी ऐकू येऊ लागलं. गेल्या हिवाळ्यात आठ पिल्लं निघाली होती आणि एकच चिकटवलेलं अंडं उरलं होतं. मी निघायच्या गडबडीत होतो. तिने ते माझ्या हातावर ठेवलं. "दिगू, ऐकून सांग." मी कानाला लावलं... खळीचा आंबूस वास आला, आवाज काही आला नाही. "नाही," मी म्हणालो. "नीट ऐकलंस?" "हो, आत्या." तिने अंडं उकिरड्यावर टाकलं. ते फुटलं. आत पुरं वाढलेलं, ओलं पिल्लू होतं. त्याने दोनदा चोच उघडली. आत्याने ते पदरात घेतलं, चुलीपाशी नेलं, पण तिथे पोचेपर्यंत ते गेलं होतं. ती मला रागावली नाही. परत येऊन एवढंच म्हणाली, "झोपलं आसंल आत. तुला घाई हुती."

त्यानंतर मी गेलो की ती प्रत्येक अंडं माझ्या हातात द्यायची. कुंपणापलीकडून पारूमावशी हसायची, "अंड्याचं ऐकतूस, तसं बायकोचं बी ऐकत जा जरा!" आत्या म्हणायची, "ऐकू दे गं. कान तयार व्हाया पायजे त्याचा."

त्या मंगळवारी मी घाई केली नाही, असं स्वतःला सांगत असतो. कान लावला तेव्हा आधी काहीच नव्हतं. मग एकदा, अगदी खोल, कवचाला आतून चोच लागावी तसं काहीतरी झालं... माझ्याच कानातलं रक्त असेल. मी पुन्हा कान लावायला हवा होता. पण पारूमावशी विचारत होती आणि माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं होतं.

आत्याने जायच्या आधी पाच दिवस कोंबडी बसवली होती. नऊ अंडी, त्यातलं एक चिकटवलेलं. मी रजा टाकून तिथेच राहिलो. कोंबडी दिवसातून एकदा, आत्याने हाक मारली तरच, दाण्याला उठायची. आता ती दुपारी त्याच वेळेला आपणहून उठू लागली. उंबऱ्यापर्यंत जायची, मान तिरकी करून उभी राहायची आणि मग कोणी दाणे टाकल्यासारखी मोकळ्या जमिनीवर चोची मारायची. मी टाकलेल्या दाण्यांकडे ती नंतर वळायची. पारूमावशीने हे एकदा पाहिलं. त्या दिवशी ती कुंपणापासून तशीच घरात निघून गेली.

एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. चिकटवलेलं अंडं तसंच राहिलं. पारूमावशी म्हणाली, "नासलं आसंल त्ये. फुटलं तर घरभर वास सुटंल. टाक जा." मी म्हणालो, "ऐकतो आणि सांगतो." मी ते कानाला लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. तिसऱ्या दिवशी तिने दारातूनच विचारलं, "हाय का रं?" मी अंडं पुन्हा कानाला लावलं.

कोंबडी पिल्लं घेऊन परवाच अंगणात उतरली, ती टोपलीकडे परत आलेली नाही. टोपली आतल्या खोलीत आहे, तिथे ऊन येत नाही. आज सव्विसावा दिवस. अंडं अजून कोमट आहे.