ड्रमवर घण

रविवारी सकाळी त्या घरात तीन भांडी आणि दोन शेगड्यांचं भांडण असायचं. एक भांडं चहाचं, एक मुलीच्या आंघोळीच्या पाण्याचं आणि एक घरधन्याच्या मनगटाचं. मनगटाचा नंबर अर्थातच शेवटी लागे. मग पाण्यात मूठभर मीठ पडे आणि तो उजवा हात कोपरापर्यंत बादलीत सोडून, हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा त्याच्याकडे बघत बसे.

"तुमच्या हाताला लागतं तेवढं मीठ महिन्याच्या स्वयंपाकाला लागत नाही," मुलीची वेणी घालता घालता बायको म्हणाली. "काढून वाळवलंत तर लोणच्यात घालता येईल."

नऊ वर्षांची मुलगी खुदकन हसली आणि वेणी पुन्हा सुटली. तेवढ्यात दारावर तीन थापा पडल्या. दोन लगबगीच्या, तिसरी रेंगाळून.

"कावळा आला," तो बादलीतून हात न काढता म्हणाला. "वीस वर्षं झाली, अजून ठेका धरता येत नाही गड्याला."

कावळा म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, त्यांच्या हेवी मेटल बँडचा गायक. सोमवार ते शुक्रवार विम्याच्या कचेरीत पांढऱ्या शर्टात बसून लोकांना मरणानंतरचे फायदे हळू आवाजात समजावायचा आणि शनिवारी भाड्याच्या गॅरेजमध्ये घसा फाटेपर्यंत ओरडायचा. तार आणि खिळा हे दोन गिटारवाले, एक कावळा आणि ड्रमवर हा. ह्याला तिथे घण म्हणत. नावही कावळ्यानेच ठेवलेलं. तरुणपणी तो असा वाजवायचा की एकदा गॅरेजच्या पत्र्यावरचा गंज खाली पडला होता.

आठवडाभर मात्र घण रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करी. इस्त्री म्हणजे मोठा तापलेला रूळ. दोघांनी दोन्हीकडून ओली चादर धरायची, झटका देऊन चुण्या मोडायच्या आणि रुळात सोडायची. दिवसाला नऊशे झटके. सोळा वर्षं त्या झटक्यांनी त्याचं मनगट असं खाल्लं की कळूही दिलं नाही. लॉन्ड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं की ह्यांचा बँड आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुकादमाने विचारलं होतं, लग्नात वाजवता का. तेव्हापासून घण सगळ्यांना एकच सांगत आला, आमची रेकॉर्ड येतेय. अकरा वर्षं येतेय. लोक त्याला "रेकॉर्ड आली का?" असं विचारायचे, ते एखाद्या जुनाट आजाऱ्याला "ताप उतरला का?" विचारावं तसं.

कावळा आत आला. हातात बिस्किटांचा पुडा आणि काळ्या चौकोनी वेष्टनात एक सीडी. ती त्याने टेबलावर ठेवली, पण हात काही तिच्यावरून उचलला नाही.

"आली," तो म्हणाला.

घणाने बादलीतून हात काढला. पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. "अरे, पण आपण गाणी वाजवलीच कुठे? माझा हात बरा झाल्यावर करायची होती ना?"

"ऐक तर आधी."

मुलीने एव्हाना सीडी कावळ्याच्या हाताखालून ओढून घेतली होती. मागच्या बाजूला काळ्यावर करड्या रंगात बारीक अक्षरं होती. ती बोट ठेवून वाचू लागली. "आवाज, कावळा. गिटार, तार आणि खिळा. ड्रम, घण." ती उड्या मारायलाच लागली. "बाबा, तुझं नाव आहे. छापलंय. मी बाईंना सांगितलं होतं ना, छापून येणार म्हणून. उद्या वर्गात नेणार आहे मी." वेष्टन घेऊन ती शेजारच्या मैत्रिणीकडे पळाली. वेणी अर्धीच होती.

सीडी मागे राहिली होती. बायकोने ती लावली.

चार महिन्यांपूर्वीचा रविवार त्याला आठवला. कावळा म्हणाला होता, आज गाणं नको, आज फक्त आवाज जुळवायचाय. एकेक ड्रम, एकेक झांज, प्रत्येकावर हळू, मध्यम आणि जोरात एकेकच ठोका. आवाज पूर्ण विरला की पुढचा. सकाळपासून दुपारपर्यंत त्याने तीनशेच्या वर ठोके दिले होते. हात टम्म सुजला. पण घरी येऊन बायकोला म्हणाला होता, माझा एक ठोका इतकं कान देऊन आजवर कुणी ऐकला नव्हता गं.

आता पहिलं गाणं सुरू झालं आणि ड्रम तुटून पडले. वेग असा की घण मान पुढे करून ऐकू लागला. असं त्याला पंचविशीतही जमलं नसतं. मोठ्या ड्रमचा ठोका आला आणि मागून एक बारीक कुरकुर. पुन्हा ठोका, पुन्हा कुरकुर. त्याने ती ओळखली. गॅरेजमधल्या त्याच्या स्टुलाची होती ती. त्या दिवशी एका ठोक्याला बूड सरकलं आणि स्टूल करकरलं, म्हणून तो म्हणाला होता, हा परत घेऊ. राहू दे, म्हणाला होता कावळा. आता दर ठोक्याला स्टूल करकरत होतं, तेवढंच, त्याच जागी. माणसाला एकच ठोका दोनदा तसाच मारता येत नाही, हे घणाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"मी हे वाजवलेलं नाही," तो म्हणाला.

"ठोके सगळे तुझेच आहेत रे. कंप्युटरवर एकेक उचलून लावले. तीन आठवडे लागले." कावळ्याने बिस्किटाचा पुडा फोडला, मग खाल्लं मात्र नाही. "छोट्या बँडच्या नव्या रेकॉर्डची यादी येते ना दर महिन्याला, त्यात ह्या वेळी बावन्न आहेत. बाकीच्यांना एकेक ओळ, आपल्याला चार. त्यातली एक तर नुसती तुझ्यावर. म्हणे, हा ड्रमर माणूस नाही, यंत्र आहे."

"चुकलं काय त्यांचं," बायको म्हणाली.

"वहिनी, ह्याचा हात गेलाय. तुम्हीच सांगा, गेलाय की नाही? आमचीही वयं होत आली. किती थांबायचं?"

 घण म्हणाला, "असू दे. नाव तर माझंच घातलंस."

कावळा खिडकीकडे वळला. कचेरीत विधवा समोर बसल्या की तो ज्या आवाजात बोलत असेल, त्या आवाजात म्हणाला, "नाव घणाचं आहे. लोकांना घण हे नाव माहीत झालंय, ते सोडून कसं चालेल? पुढच्या महिन्यात मैदानावर कार्यक्रम आहे, दुपारी चारला. तिथे घण म्हणून एक मुलगा बसणारे. व्यायामशाळेत शिकवतो. केस इथपर्यंत, खांदे असे. पोस्टरवर त्याचाच फोटो आहे."

"चांगला वाजवतो?"

"वाजवायचं कुठेय? आवाज रेकॉर्डचाच, मागून येणार. त्याने नुसते हात हलवायचे, पण तेही येत नाही गाढवाला. झांज वाजते तेव्हा हा ड्रमवर असतो. लोक हसतील. म्हणून आलो मी. चार रविवार शिकव त्याला, हात कसे उचलायचे, मान कशी टाकायची. आणि तुझा ड्रमसेट लागेल. जुना आहे, पण लांबून उठून दिसतो."

बायकोने चहाचा कप त्याच्यासमोर आदळला. "भाऊजी, साखर चहातच घालू, की तीही मागून येणार आहे?"

कावळा कसनुसा हसला. "वहिनी, रागावणारच तुम्ही. पण नाही म्हणालात तर आम्ही दुसऱ्याचा सेट आणू. मला वाटलं, ह्याला विचारावं. शेवटी आपला माणूस."

"तुमचा माणूस," बायको म्हणाली. "आहे खरा. खुर्ची उचलायला सांगितलीत तरी उचलेल. एका हाताने."

हे मात्र घणाला लागलं. कावळ्याचं सगळं ऐकताना तो हललाही नव्हता, आता ओला हात त्याने मांडीआड घेतला. बायकोच्या ते लक्षात आलं. ती गप्पकन भांड्यांकडे वळली आणि चकचकीत पातेलं पुन्हा घासू लागली.

भिंतीपलीकडे मुलगी मैत्रिणीच्या आईला वेष्टन वाचून दाखवत होती. "ड्रम, घण. घण म्हणजे माझे बाबा." मैत्रिणीची आई म्हणाली, "अगं बाई, खरंच? मग त्यांचा कार्यक्रम असेल तेव्हा आपण सगळे जाऊ की." भिंत पातळ होती. कावळ्यानेही ऐकलं आणि तो बिस्किटांचे तुकडे बोटाने गोळा करत राहिला.

"शिकवतो," घण म्हणाला. "सेटही न्या. पायातला स्क्रू ढिला आहे, तो आवळून देतो."

"मला माहीत होतं तू नाही म्हणणार नाहीस."

"पण एक कर. त्याच्या तोंडावर मुखवटा घाल."

"अरे, चेहऱ्यासाठीच तर घेतलाय त्याला."

"पोस्टरवर दाखवा हवा तेवढा चेहरा. मुलीला सांगेन, पोस्टरला दुसऱ्याचा फोटो लावतात म्हणून. कार्यक्रमाला मात्र मुखवटा घाला. मी त्या दिवशी दुपारभर लॉन्ड्रीत थांबेन, कुणाला दिसणार नाही. मुलगी मैदानात असेल. तिला वाटू दे, मीच आहे."