हार्लनच्या हातातला गिअर

१९७८ च्या एप्रिलमध्ये हार्लन ओपेगार्ड कुबड्या टेकत व्हर्लिन हाउगच्या दुकानात आला. आयोवातल्या त्या लहानशा गावात मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान तेवढं एकच. आदल्या हंगामात मका खुडायच्या यंत्रात हार्लनचा डावा पाय गुडघ्यापासून गेला होता.

“माझ्या गाडीचा गिअर हातावर घेऊन दे,” तो म्हणाला. “उजवीकडे, टाकीला लागून एक दांडा. क्लच डाव्या हातात आहेच, मागचा ब्रेकही उजव्या पायाखाली.”

“मला नाही करता येणार रे.”

“येणार नाही, की करायचं नाही?”

व्हर्लिन हात पुसत राहिला. केंद्र सरकारचा नियम त्याला पाठ होता. गिअर डाव्या पायाशी, मागचा ब्रेक उजव्या पायाशी, स्पीडोमीटरवर आकडे मैलांचे. कारखान्यानं नियमानं बसवलेलं दुकानदारानं मोडायचं नाही. आणि व्हर्लिनला हा नियम जाचक वाटत नव्हता. पूर्वी कुठल्या गाडीचा गिअर डावीकडे असायचा, कुठल्या गाडीचा उजवीकडे. त्याचा धाकटा भाऊ रॉल्फ एकदा मित्राची गाडी घेऊन निघाला आणि वळणावर ब्रेक समजून गिअर दाबून बसला. समोरून धान्याचा ट्रक येत होता.

“रॉल्फचं मला माहीत आहे,” हार्लन म्हणाला. “पण म्हणून मी जन्मभर ओसरीत बसू का?”

तो तसाच निघून गेला. पुढचे तीन रविवार चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी तो मुद्दाम दुसऱ्या टेबलावर बसला. व्हर्लिनला ते फार लागलं. शेवटी त्यानं वॉशिंग्टनला, हे नियम करणाऱ्या सरकारी खात्याला पत्र लिहिलं, सोबत पेन्सिलनं काढलेलं दांड्याचं चित्र जोडलं.

उत्तर यायला जुलै उजाडला. दुकानानं हे काम करू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण ही मनाई कारखानदार, विक्रेते आणि दुरुस्तीवाले यांना आहे. मालकानं स्वतःच्या हातानं स्वतःच्या गाडीत बदल केला, तर हा कायदा आड येत नाही. राज्याचे नियम तेवढे पाहावेत. व्हर्लिननं ते वाक्य तीनदा वाचलं, राज्याच्या कचेरीत फोन करून खात्री केली आणि मग हार्लनला बोलावलं.

“पाना तू धरायचा,” तो म्हणाला. “मी फक्त बोलणार.”

चार शनिवार हार्लन स्टुलावर बसून काम करत होता आणि व्हर्लिन खिशात हात घालून शेजारी उभा होता. आटे चुकले की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

“उलटा फिरव. अरे, उलटा.”

“मग तूच कर ना.”

“बोट लावणार नाही.”

“शनिवारी नखं स्वच्छ घेऊन घरी येतोयस,” व्हर्लिनची बायको आर्डिस एकदा म्हणाली. “करतोस तरी काय तिथे?”

“छळ सोसतोय,” व्हर्लिन म्हणाला.

टाकीवर मात्र त्यानं हार्लनकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं: गिअर हातावर आहे, दुसऱ्या कुणी चालवू नये.

ऑगस्टमध्ये लाकडी पाय बांधून हार्लन गाडीवर बसला. तीनदा गाडी बंद पडली. चौथ्यांदा ती खडीच्या रस्त्याला लागली. व्हर्लिन दारात उभा राहून कान देत होता. दुसरा गिअर पडला, मग तिसरा, आणि टेकडीपलीकडे आवाज विरून गेला. हार्लन बराच वेळ परतला नाही, तेव्हा व्हर्लिन रस्त्यापर्यंत चालत गेला.

हार्लन आला तो धुळीनं माखून. डोळे लाल झाले होते. वाऱ्यानं, असं तो म्हणाला.

“दुसरा जरा घासतोय.”

“दांड्यापासून गिअरपर्यंतची सळई अर्धा इंच लांब राहिलीय,” व्हर्लिन म्हणाला. “आत ये, करवत देतो. कापायची तू.”