पानदान नागपूरला जातं

आमच्या केजमधून इंटरनेटवर विकली गेलेली पहिली वस्तू माझी होती, आणि परत आलेली पहिली वस्तूही माझीच.

त्या दिवसांत देशाची दारं जगाला उघडली होती म्हणे. आमच्या भुसार दुकानाच्या फळ्या मात्र अजून वडीलच उघडत. अशात अंबाजोगाईला सायबर कॅफे निघाला आणि तिथं मला जुन्या, दुर्मिळ वस्तूंच्या लिलावाची साईट सापडली. आमच्या कपाटावर निजामाच्या काळातलं बिदरी पानदान पडून होतं. काळंभोर, वर चांदीची वेलबुट्टी. मी त्याचा फोटो टाकला, आणि नागपूरच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी ते चक्क मागितलं! पैसे वस्तू हातात पडल्यावर. पोस्टाचा खर्चही तेच देणार, पण मी आधी कळवला तेवढाच.

"न बघता कोण घेतंय बे?" अण्णा, म्हणजे वडील, गुळाची ढेप फोडता फोडता म्हणाले. "लई शाना झालास. हे पानदान इकून दाव, दुकानात कॉम्प्युटर घेऊ. न्हाई इकलं, तर मुकाट गल्ल्यावर बसायचं. जलमभर!"

"मंजूर!" मी म्हणालो. (पंचविशीत माणूस काहीही मंजूर करतो.)

मी कामाला लागलो. पानदान दुकानाच्या काट्यावर तोललं, पोस्टाचा खर्च काढला आणि इंजिनिअरसाहेबांना कळवला. सगळं कसं चोख! पार्सल कापडात शिवावं लागतं, तेवढं काम आईकडे दिलं. तिनं असं घट्ट शिवलं की गोधडीनं लाजावं. वर मी लाखेची सीलं ठोकली आणि पोस्ट गाठलं.

पोस्टातल्या काट्यावर वजन जवळजवळ दुप्पट भरलं.

"तुमचा काटा खराब हाय!" मी कारकुनावर उखडलो. "आमच्या काट्यावर सरकारी शिक्का हाय!"

"हा काटाच सरकारी हाय," तो शांतपणे म्हणाला. "भरायचे का पैसे? विमा काढायचा?"

व्यापाऱ्याचं पोर मी, काट्यावरून हार मानणं शक्यच नव्हतं. तक्रार करीन अशी धमकी दिली, वरचा खर्च खिशातून भरला, आणि तो भरून निघावा म्हणून विम्याला ठाम नकार दिला. एवढ्या जड धातूला काय होतंय?

आठवड्यानं, ऐन बाजाराच्या दिवशी, दुकानात फोन आला.

"तुम्ही पानदान पाठवून राहिले का खून करून राहिले, बाप्पा?" इंजिनिअरसाहेब ओरडत होते. "पार्सलातून लाल लाल गळून राहिलं! पोस्टमन हात लावेना. पोस्टमास्तरनं पोलीस बोलावले!"

"पण साहेब, पानदान तर रिकामं होतं!"

"रिकामं? पन्नास पानं सडली आहेत आत! ओला कात, चुना, सुपारी! सुपारी हवालदारानं नेली. पुरावा म्हणे!"

मी रिसीव्हरवर हात ठेवून आत ओरडलो, "आई! पानदानात काय भरलंतंस?"

आई पदराला हात पुसत आली. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "पानदान कुनी रिकामं देतं का? घराची बरकत जाती! चांगला भिजवलेला कात घातलाय, येलदोडे घातल्यात..."

"आगं, ते इकलं होतं!"

"मंग? लेकीला सासरी धाडताना ओटी भरत न्हाई व्हय?" असं म्हणून तिनं माझ्या हातातून फोनच घेतला. "नमस्कार भाऊ! इडा खाल्ला का?"

मी फोन परत हिसकावला. मग कळलं की चुन्यानं काळ्या रंगावर पांढरे नकाशे उठलेत, पुन्हा लावलेलं झाकण कातानं गच्च बसलंय, आणि माल परत येतोय, माझ्या खर्चानं. मी हार मानली नाही. म्हणालो, निम्म्या किमतीत घ्या. पाव किमतीत घ्या. शेवटी म्हणालो, नुसतं ठेवून तरी घ्या! साहेबांनी फोन ठेवला.

इंजिनिअरच तो! त्यानं पानदान लाकडी खोक्यात, भरपूर भुश्शात, वर विमा उतरवून पाठवलं. त्या भाड्यात नवीन पानदान आलं असतं. अण्णांनी पकडीनं झाकण उचकटलं, आईनं ते घासलं, पुसलं आणि त्याच दुपारी पहिला विडा लावून अण्णांना दिला. अण्णांनी तो गालात धरला, गल्ल्यावरून उठले आणि मला बसायला जागा करून दिली.

त्याला आता कैक वर्षं झाली. पाहुणे आले की आई अजून ते पानदान पुढे करते आणि कौतुकानं सांगते, "हे नागपूर बघून आलंय!" मी मात्र अजून नागपूर पाहिलेलं नाही. दुकानातून सुट्टीच मिळत नाही.